वेबचं निरस्पेक: थंड तपकिरी बटूंसाठी कितपत कामाचं?

घाईत असाल तर एवढंच वाचा. ५०० केल्विनखालच्या तपकिरी बटूच्या वातावरणाचा अवरक्त वर्णपट हवा असेल, तर जेम्स वेब अवकाश दुर्बिणीवरच्या निरस्पेक या वर्णपट घेणाऱ्या उपकरणाला आज तोड नाही. पहिल्यांदा घेणार असाल तर प्रिझम घ्या. वस्तू उपकरणाच्या अरुंद फटीत बसते की नाही याचा हिशोब स्वतः करून पाहा. तयार होऊन आलेल्या शेवटच्या फायलीवर डोळे झाकून विसंबू नका. आणि वर्णपट मॉडेलशी जुळला नाही, तर पहिला संशय मॉडेलवर घ्या, यंत्रावर नंतर. पाचपैकी साडेचार तारे. कापलेल्या अर्ध्या ताऱ्याचं कारण पुढे येतंच.

मोजायचं काय असतं

तपकिरी बटू म्हणजे ताऱ्यासारखा जन्मलेला, पण वस्तुमान कमी पडल्यामुळे पोटात हायड्रोजनची चूल कायमची पेटू न शकलेला गोळा. साधारण १३ ते ७५ गुरूंच्या वजनाचा. जन्मापासून तो निवतच जातो. निवता निवता त्याचा वर्ग एलवरून टी आणि टीवरून वाय होतो. वाय वर्ग २०११ मध्ये अवरक्तात आकाश पाहणाऱ्या वाइज उपग्रहाच्या नोंदींतून पुढे आला. आजवर माहीत असलेल्यांत सर्वांत थंड म्हणजे वाइज ०८५५. केव्हिन लुहमन यांनी तो २०१४ मध्ये शोधला. अंतर ७.४ प्रकाशवर्षं. निरस्पेकच्या वर्णपटाला जे मॉडेल बरं जुळलं त्यानुसार त्याचं तापमान २८५ केल्विन, म्हणजे १२ अंश सेल्सिअस. महाबळेश्वरला हिवाळ्यात रात्री याहून फार उबदार नसतं.

अशा वस्तूचा बहुतेक उजेड ४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे असतो. पाणी, मिथेन आणि अमोनिया मिळून १ ते ३ मायक्रॉनचा पट्टा कुरतडून टाकतात. १.०५, १.२७, १.६ आणि २.१ मायक्रॉनभोवती बारीक खिडक्या तेवढ्या शिल्लक राहतात. मोठी खिडकी ४ ते ५ मायक्रॉनची. गुरूवरही हीच खिडकी आहे. तिच्यातून खालचे, जास्त गरम थर दिसतात. वाइज ०८५५ 'जे' नावाच्या पट्ट्यात (१.२५ मायक्रॉनभोवती) २५व्या प्रतीचा आहे आणि ४.६ मायक्रॉनला १४व्या प्रतीचा. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद. या ११ प्रतींच्या फरकातून पुढच्या बऱ्याच अडचणी निघतात, म्हणून आकडा लक्षात ठेवा.

जमिनीवरून ५ मायक्रॉनला पाहायचं तर हवा आणि दुर्बीण स्वतःच त्याच तापमानाला झळाळत असतात. भर दुपारी काजवा शोधण्यातला प्रकार. तरीही २०१६ मध्ये हवाईच्या जेमिनी दुर्बिणीवरून ४.५ ते ५.२ मायक्रॉनचा वर्णपट घेतला गेला. त्याला १४ तासांच्या आसपास निरीक्षण लागलं. पाण्याची शोषणं त्यात दिसली, पण आकडे खरखरीतच होते. वेबचं निरस्पेक जेमतेम ४० केल्विनवर बसलेलं असतं, त्यामुळे हा सगळा झगडा मुळातूनच मिटतो.

प्रिझम की ग्रेटिंग

निरस्पेकमध्ये ०.६ ते ५.३ मायक्रॉनचा पल्ला तीन प्रकारे मिळतो. प्रिझम सगळा पल्ला एका दमात देतो, विभेदनक्षमता (जवळजवळच्या तरंगलांब्या वेगळ्या दाखवण्याची ताकद) सरासरी १००. मध्यम ग्रेटिंग (उजेड फोडणारी बारीक रेघांची जाळी) साधारण १०००, उच्च ग्रेटिंग साधारण २७००. थंड बटूंसाठी ग्रेटिंगमधलं कामाचं म्हणजे जी३९५ कुटुंब (पुढे एम म्हणजे मध्यम, एच म्हणजे उच्च), साधारण २.९ ते ५.१ मायक्रॉन.

प्रिझमला लोक हलकं समजतात. चूक आहे. 'सरासरी १००' हा आकडाच फसवा आहे. १.२ मायक्रॉनजवळ विभेदन ३० च्या घरात असतं आणि ५ मायक्रॉनकडे ३०० च्या पुढे जातं. म्हणजे वाय बटूचा उजेड जिथे आहे, नेमकं तिथेच प्रिझम सर्वांत बारीक काम करतो. पाणी, मिथेन, अमोनिया, ४.६ मायक्रॉनचा कार्बन मोनॉक्साइड आणि ४.२ च्या वरचा कार्बन डायऑक्साइड, सगळे एका वर्णपटात ओळखू येतात. २०२३ मध्ये वाइज ०३५९ या वाय बटूचा संपूर्ण ऊर्जापट प्रिझम आणि वेबवरच्याच मिरी या लांब तरंगलांबीच्या उपकरणाचा कमी विभेदनाचा वर्णपट जोडूनच काढला गेला. तापमान निघालं ४६७ केल्विन. याच पद्धतीने मग २३ टी आणि वाय बटूंची एकूण तेजस्विता मोजली गेली.

या असमान विभेदनाचा फटका मात्र नवख्यांना हमखास बसतो. मॉडेलचा वर्णपट सगळीकडे विभेदन १०० धरून धूसर केला, तर ५ मायक्रॉनला मॉडेल गुळगुळीत आणि निरीक्षण दातेरी दिसतं. मग माणूस भलताच रेणू शोधत बसतो. तरंगलांबीनुसार विभेदन देणारी फाइल उपकरणाच्या संदर्भसामग्रीत मिळते. ती घेऊन बदलत्या रुंदीनेच धूसर करा.

ग्रेटिंग घ्यायचं ते ठराविक प्रश्नासाठी. ४.३ मायक्रॉनजवळ फॉस्फिन (फॉस्फरस आणि हायड्रोजनचा वायू) आणि कार्बन डायऑक्साइड एकमेकांच्या अंगावर बसलेले आहेत, ते सोडवायला जी३९५एच बरं. वाइज ०८५५ मध्ये जड हायड्रोजन असलेला मिथेन सापडला तोही ४ ते ५ मायक्रॉनच्या बारीक रेषांमधून. २०२४ मध्ये डब्ल्यू १९३५ या ४८२ केल्विनच्या एकट्या बटूवर ३.३ मायक्रॉनला मिथेन चमकताना सापडला. शोषण नव्हे, उत्सर्जन. जवळ कोणताही तारा नसताना वरचा थर तापलेला, त्यामुळे ध्रुवीय प्रकाशासारखं काही असावं हा अंदाज. ती नाजूक टोकं प्रिझममध्ये मिसळून गेली असती.

जी३९५एच घेताना एक खड्डा ध्यानात ठेवा. दोन डिटेक्टरांच्या मधल्या फटीमुळे ३.७ ते ३.८ मायक्रॉनच्या आसपासचा तुकडा गायब असतो. थंड बटूंसाठी हा तुकडा फारसा मोलाचा नाही, पण दोन्ही डिटेक्टरांची पातळी एकमेकांना बसते का हे तिथे तपासता येत नाही. मध्यम ग्रेटिंगला ही भानगड नाही. १००० विभेदन पुरत असेल तर जी३९५एम ही डोकं शांत ठेवणारी निवड आहे, आणि तिचा विचार फार कमी जण करतात.

फटीत बसवणं: खरी परीक्षा इथे

नेहमी वापरली जाणारी एस२००ए१ फट ०.२ कोनीय सेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक) रुंद आणि ३.२ लांब आहे. वाइज ०८५५ ची निजगती, म्हणजे आकाशात सरकण्याचा वेग, वर्षाला ८.१ कोनीय सेकंद. दिवसाला ०.०२२. म्हणजे नऊ दिवसांत हा पठ्ठ्या फटीच्या रुंदीइतका सरकतो. वर त्याचा पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरल्याने दिसणारं डोलणं) ०.४४ कोनीय सेकंद, म्हणजे वर्षभरात तो मूळ जागेच्या दोन्ही बाजूंना फटीच्या दुपटीहून जास्त डोलतो. दुर्बिणीची वेळ मागणाऱ्या अर्जात २०१४ ची जागा लिहून निजगतीचा रकाना मोकळा ठेवला, तर फटीत निव्वळ काळोख येईल. निजगती, तिचं वर्ष आणि पराशय तिन्ही भरा. मग प्रत्यक्ष निरीक्षणाच्या तारखेची जागा हाताने काढून आकाशाच्या चित्रावर टाकून बघा. मागची एखादी दूरची आकाशगंगा त्या दिवशी फटीत येते का, हेही तेव्हाच कळतं.

त्यानंतर येतो लक्ष्य पकडण्याचा टप्पा. १.६ कोनीय सेकंदांच्या चौकोनी खिडकीत वस्तू आधी घेऊन, तिचा मध्य काढून, मग ती अरुंद फटीत सरकवायची, अशी ही रीत. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'वाटा' असाच होतो, तेवढाच मराठी माणसाला विरंगुळा. त्यासाठी तीन गाळण्या मिळतात. त्यांतल्या दोन १.१ आणि १.४ मायक्रॉनभोवतीच्या, म्हणजे वाय बटू जिथे जवळपास अदृश्य असतो तिथल्या. तेव्हा तिसरी, 'क्लिअर' नावाची उघडी गाळणी घ्या. ती ५ मायक्रॉनपर्यंतचा उजेड आत सोडते, आणि वस्तू त्या उजेडावरच पकडली जाते. इथे १.१ ची गाळणी तशीच राहू देणं ही सर्वांत महागडी चूक. एक्स्पोजर कॅल्क्युलेटरमध्ये लक्ष्य पकडण्याचा वेगळा हिशोब असतो. त्यात वाय बटूचा वर्णपट घाला. २८५ केल्विनची कृष्णवस्तू (फक्त तापमानानुसार उजळणारी आदर्श वस्तू) घालू नका. खऱ्या वर्णपटातली ४.५ मायक्रॉनची उंची कृष्णवस्तूत नसते आणि सगळं गणित चुकतं.

उजेड कमीच पडत असेल तर जवळच्या ताऱ्यावर नेम धरून तिथून ठराविक अंतर सरकता येतं. पण मग तारा आणि बटू दोघांच्याही जागा एकाच काळाला आणलेल्या हव्यात.

वाचन, वेळ आणि त्याची किंमत

डिटेक्टरची वाचनपद्धत आयआरएस२ रॅपिड ठेवा. एका वाचनाला १४.६ सेकंद लागतात आणि डिटेक्टरचा पट्टेरी गोंगाट मुळातच कमी होतो. ही सोय पूर्ण चौकटीतच, म्हणजे सगळा डिटेक्टर वाचतानाच, मिळते. उजेडाने डिटेक्टर भरून जाईल अशा उजळ टी बटूंसाठी लहान चौकट घ्यावी लागते, तिथे जुनी वाचनपद्धत आणि तिचा गोंगाट दोन्ही स्वीकारा.

फटीत तीन जागी सरकवून प्रत्येक ठिकाणी २० वाचनं घेतली, तर प्रत्यक्ष उजेड गोळा करायला सुमारे १५ मिनिटं लागतात. दुर्बीण वळवण्याचा वेळ मात्र सरसकट ३० मिनिटं धरला जातो. रिक्षाच्या मीटरसारखं, बसल्याबरोबर अर्धा तास पडतो. त्यामुळे एक वस्तू पाच मिनिटं कमी पाहून काही वाचत नाही. उलट वाचनं दहाच्या खाली आणली, तर विश्वकिरणांचे झटके ओळखणं पाइपलाइनला (कच्च्या नोंदींवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरला) अवघड होतं आणि खोटी टोकं वर्णपटात शिरतात. दुसऱ्या टोकाला, एकच रॅम्प (सलग वाचनांची मालिका) हजारभर सेकंदांपलीकडे ताणत नेला तर बऱ्याच पिक्सेलांवर किरण आपटतात. मधला रस्ता बरा.

पैसे पडत नाहीत. अर्ज जगात कुणालाही करता येतो. परीक्षकांपुढे अर्जदारांची नावं जात नाहीत, त्यामुळे पुण्यातून किंवा मुंबईतून केलेला अर्ज हवाईतल्या अर्जाच्या बरोबरीनेच वाचला जातो. रांग मात्र भयंकर आहे. अर्जांच्या चौथ्या फेरीला सुमारे २४०० अर्ज आले आणि उपलब्ध वेळेच्या जवळपास नऊपट मागणी होती. थोड्या वस्तूंचा, नेमक्या प्रश्नाचा अर्ज इथे जास्त टिकाव धरतो. 'वाय बटूंच्या वातावरणाचा अभ्यास' एवढ्यावर कुणी वेळ देत नाही.

वेळ मिळाली नाही तरी मास्ट हे वेबच्या निरीक्षणांचं ऑनलाइन संग्रहालय आहे. अर्जदाराच्या राखीव काळाची मुदत, म्हणजे जास्तीत जास्त १२ महिने, संपली की माहिती सर्वांना खुली. कार्यक्रम क्रमांक २१२४ मध्ये बारा बटूंचे जी३९५एच वर्णपट आहेत, २३०२ मध्ये टी-वाय बटूंचे प्रिझम. प्रबंधाला पुरेल एवढा ऐवज घरबसल्या. खरं सांगायचं तर या सेवेतला हा सर्वांत उत्तम भाग आहे आणि त्यावर कुणी लिहीत नाही.

पाइपलाइन: अर्धा तारा इथे गेला

मास्टमधून चार पायऱ्यांच्या फायली येतात: कच्ची, उताराची (उजेड जमण्याच्या दराची), अंशांकित (खऱ्या एककांत आणलेली) आणि शेवटी काढलेला एकमितीय वर्णपट. सरळ शेवटचीच उघडायचा मोह होतो. टाळा. कच्च्या फाइलपासून पुन्हा चालवा, कारण संदर्भफायली सुधारत असतात आणि वर्षभरापूर्वीची फाइल वर्षभरापूर्वीच्या अंशांकनाची असते. पायथनमधलं 'जेडब्ल्यूएसटी' पॅकेज बसवणं सोपं आहे. अडतं ते संदर्भफायलींच्या पत्त्याशी. संदर्भफायली पुरवणाऱ्या सीआरडीएसचा सर्व्हर आणि डिस्कवरचा फोल्डर सांगणारी दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स आधी द्यावी लागतात, आणि तीही पॅकेज आयात करण्यापूर्वी. नंतर दिली तर काही वेळा चूक दाखवण्याऐवजी गुपचूप भलतीकडे फायली साठवल्या जातात. कोणत्या आवृत्तीने आणि कोणत्या संदर्भसंचाने चालवलं ते लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आकडा तीन टक्क्यांनी हलला तर कारण शोधायला हाच कागद लागतो.

पहिल्या टप्प्यात पट्टेरी गोंगाट पुसणारी पायरी आहे, पण ती मुळात बंद असते. आयआरएस२ ला तिची गरज कमी, लहान चौकटीला जास्त. चालू करून आणि बंद ठेवून दोन्ही वर्णपट शेजारी ठेवा. मंद खिडक्यांमध्ये, विशेषतः २ मायक्रॉनच्या आसपास, फरक पडला तर तोच तुमचा खरा त्रुटीचा अंदाज.

दुसऱ्या टप्प्यात तीन जागांची एकमेकांतून वजाबाकी होऊन पार्श्वभूमी जाते. छान चालतं. पण फटीत दुसरी एखादी मंद वस्तू असली, तर तिची काळी सावली तुमच्या बटूच्या रेघेवर पडते आणि वर्णपटात खोटं शोषण तयार होतं. एकमितीय वर्णपट पाहून हे कधीच कळत नाही. द्विमितीय, सरळ केलेली फाइल उघडा आणि काळ्या रेघा फक्त अपेक्षित ठिकाणीच आहेत ना, ते डोळ्यांनी बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

फटीतून निसटणाऱ्या उजेडाची दुरुस्ती हा थंड बटूंचा खास दुखरा मुद्दा. ६.५ मीटरच्या आरशाला ५ मायक्रॉनवर प्रतिमेची रुंदी ०.१६ कोनीय सेकंद मिळते आणि फट ०.२ ची. म्हणजे जिथे आपला उजेड आहे तिथेच सर्वांत जास्त निसटतो. वस्तू फटीच्या मध्यावर आहे असं गृहीत धरून पाइपलाइन भरपाई करते. मध्य चुकला की भरपाईही चुकते, आणि तीही तरंगलांबीनुसार वेगवेगळी. परिणामी वर्णपट हलकासा तिरका होतो आणि तापमान काही केल्विननी सरकतं. यावर जुना, साधा उपाय: स्पिट्झर दुर्बिणीने मोजलेली ४.५ मायक्रॉनची तेजस्विता घ्यायची, त्याच गाळणीतून आपला वर्णपट पार करायचा आणि दोन्ही जुळवायचे. फरक मोठा निघाला तर सरळ गुणक लावून मोकळे होऊ नका. आधी मध्य तपासा.

तीच चूक तरंगलांबीतही येते. फटीत वस्तू बाजूला सरकली की रेषाही सरकतात. त्रिज्यीय वेग (आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग) मोजत असाल तर पाइपलाइनची तरंगलांबी दुरुस्तीची पायरी चालली आहे का ते फाइलच्या शीर्षकात पाहा. आणि पाइपलाइन जे त्रुटीचे आकडे देते ते लहान असतात, थोडे लाजिरवाणे लहान. मॉडेल जुळवताना त्रुटी फुगवणारा एक मोकळा गुणक ठेवणं हा आता शिरस्ताच झाला आहे.

एवढ्या महाग दुर्बिणीच्या शेवटच्या फाइलवर वापरणाऱ्याला इतकी राखण करावी लागते, म्हणून अर्धा तारा कापला.

मिरीची जोड घ्यावी का

घ्यावी. २८५ केल्विनच्या कृष्णवस्तूचं शिखर १० मायक्रॉनवर येतं. निरस्पेक एकट्याने तापमान काढणं म्हणजे भिंतीच्या फटीतून वरात पाहणं. मिरीचं कमी विभेदनाचं वर्णपटमापन ५ ते १२ मायक्रॉन देतं, फट ०.५१ कोनीय सेकंद, म्हणजे बसवणं सोपं. ५ मायक्रॉनला दोन्ही उपकरणांचे काठ एकमेकांवर येतात, पण दोघांचेही ते काठ दुबळे आहेत. ५.१ च्या आसपास सांधा ठेवा आणि दोन्ही बाजू आधी प्रकाशमापनाला (गाळणीतून मोजलेल्या तेजस्वितेला) बसवून मगच शिवा. १२ च्या पुढचा उजेड मोजायला लांब तरंगलांबीचं एखादं प्रकाशमापन पुरतं.

मध्यम विभेदनाची एमआरएस पद्धत ४.९ ते २७.९ मायक्रॉन देते, पण तीन जोडण्या घेतल्याशिवाय पल्ला पूर्ण होत नाही. 'शॉर्ट' जोडणीत चारही चॅनलांचा पहिला तृतीयांश, 'मीडियम'मध्ये दुसरा, 'लाँग'मध्ये तिसरा. १०.५ मायक्रॉनच्या अमोनिया टोकांभोवतीचा भाग 'लाँग'मध्ये येतो. दृष्टिक्षेत्र काही कोनीय सेकंदांचं असल्याने निजगतीची धाकधूक नाही. चौथ्या चॅनलची संवेदनशीलता मात्र उड्डाणानंतर घटत गेली, त्यामुळे १८ मायक्रॉनपलीकडे थंड बटूकडून फार अपेक्षा ठेवू नका. डिटेक्टरच्या आत उजेड उलटसुलट उड्या मारून जे लाटांसारखे पट्टे उमटतात, ते पुसणारी जादा पायरी चालवलीच पाहिजे. अमोनियाच्या रेषा आणि हे पट्टे दोन्ही नियमित अंतराने येतात. नवख्या डोळ्याला फरक कळत नाही.

पण मोल आहे. वाइज १८२८ या वाय बटूत एमआरएसने नायट्रोजन-१५ असलेला अमोनिया दाखवला. हलक्या आणि जड नायट्रोजनचं गुणोत्तर ६७० निघालं. पृथ्वीवर ते २७२ आहे. सूर्यमालेबाहेरच्या इतक्या थंड वस्तूत समस्थानिकं मोजता येतात, हे त्यामुळे पक्कं झालं.

मॉडेलं: यंत्र पुढे गेलं, ही मागे राहिली

वर्णपट हातात आला की बहुतेक जण सोनोरा एल्फ आउल किंवा अ‍ॅटमो २०२० या तयार मॉडेल-वर्णपटांच्या जाळ्यांपाशी जातात. दोन्ही फुकट. एल्फ आउलमध्ये तापमान २७५ ते २४०० केल्विन, शिवाय गुरुत्व, जडद्रव्यं (हेलियमहून जड मूलद्रव्यं), कार्बन-ऑक्सिजन प्रमाण आणि उभी घुसळण अशी पाच चाकं फिरवता येतात. वाय बटूंसाठी २७५ ते ५५० केल्विनचा भाग वेगळा उतरवता येतो. सगळा संच उतरवून डिस्क भरू नका. एककांकडे लक्ष द्या. सोनोराच्याच जुन्या बॉबकॅट संचात प्रवाह (पोचणारा उजेड) प्रति हर्ट्झ आहे, एल्फ आउलमध्ये प्रति सेंटिमीटर, आणि तुमची फाइल जान्स्की या एककात.

घुसळणीचं चाक का लागतं? रसायनशास्त्राच्या समतोलाप्रमाणे २८५ केल्विनला सगळा कार्बन मिथेनमध्ये असायला हवा. पण ताक घुसळताना तळाचं वर यावं तसे खालच्या गरम थरातले रेणू वर येतात, आणि वरच्या थंडीत त्यांची अभिक्रिया इतकी मंदावते की ते तसेच राहून जातात. वाइज ०८५५ मध्ये ४.६ मायक्रॉनला कार्बन मोनॉक्साइड दिसतो तो यामुळे.

इथपर्यंत ठीक. पुढे गाडी रुळावरून घसरते. हाच हिशोब सांगतो की फॉस्फिन भरपूर दिसायला हवा, गुरूवर दिसतो तसा. वाय बटूंमध्ये तो जवळजवळ दिसतच नाही. वाइज ०८५५ मध्ये अब्जात एक भाग, एवढाच. उलट कार्बन डायऑक्साइड मॉडेलांपेक्षा जास्त निघाला. २०२५ मध्ये वुल्फ ११३०सी या जडद्रव्यं कमी असलेल्या बटूत फॉस्फिन व्यवस्थित सापडला, म्हणजे कोडं सुटण्याऐवजी त्याला आणखी एक गाठ पडली. व्यवहारात याचा अर्थ: एल्फ आउलची पहिली आवृत्ती वापरून ४.१ ते ४.४ मायक्रॉन जुळवायला जाऊ नका. डायऑक्साइडची दुरुस्ती झालेली आवृत्ती घ्या, किंवा तो तुकडा झाकून जुळवा आणि नंतर त्या तुकड्यात काय उरतं ते पाहा.

दुसरी खूण त्रिज्येची. जुळणी ०.७ गुरूत्रिज्या वगैरे सांगायला लागली तर ती मान्य करू नका. या वयाच्या आणि वजनाच्या बटूची त्रिज्या गुरूच्या आगेमागेच असते. वाइज ०८५५ ला वर्णपटावरून २८५ केल्विन मिळाले, तर एकूण तेजस्विता आणि उत्क्रांतीच्या मॉडेलांवरून सुमारे २० केल्विन कमी. त्रिज्या लहान येणं आणि तापमान जास्त येणं ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं. पाण्याच्या बर्फाचे ढग, किंवा खालच्या थरांचा तापमान-उतार नेहमीच्या उतारापेक्षा वेगळा असणं, हे दोन संशयित आहेत. ढगांचा पुरावा जमिनीवरच्या वर्णपटातून सांगितला गेला होता. निरस्पेकचा तोच भाग ढगाविना मॉडेलनेही नीट जुळला. तेव्हा ढग 'सापडले' असं लिहिण्याआधी ढगाविना एकदा चालवाच.

जाळी सोडून वर्णपटावरून थेट वातावरण उलगडायचं असेल तर पेटिटरॅडट्रान्स हे सॉफ्टवेअर चांगलं आहे. त्यात एक सापळा आहे. नेहमीची सहसंबंधित-के (रेषा एकेक न मोजता गटाने मोजणारी) पद्धत विभेदन १००० ची आहे. प्रिझमला पुरते, जी३९५एचला पुरत नाही. तिथे रेषेमागून रेषेची दहा लाख विभेदनाची पद्धत घेऊन नमुने विरळ करावे लागतात, आणि त्या फायली प्रत्येक रेणूला काही जीबी असतात. लॅपटॉपवर रात्रभर चालवायचं काम नाही हे. रेषांच्या याद्याही पाहून घ्या: पाण्याला पोकाझाटेल, अमोनियाला कोयूटे, दोन्ही लंडनच्या एक्झोमोल प्रकल्पातल्या. जुनी अमोनिया यादी राहून गेली तर १.५ मायक्रॉनचा भाग कधीच बसत नाही.

वेबची वेळ नाही, तर?

एल आणि उजळ टी बटूंसाठी भारतातही सोय आहे. मुंबईच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) उभारणीत भाग घेतलेली दोन उपकरणं इथे मोजण्यासारखी. लडाखमधल्या हानले इथल्या २ मीटर दुर्बिणीवरचं टिर्स्पेक १ ते २.५ मायक्रॉन, विभेदन सुमारे १२००. उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवरचं टॅन्स्पेक ०.५५ ते २.५ मायक्रॉन, बारीक फटीत सुमारे २७५०. २.५ च्या पुढे दोघांनाही काही दिसत नाही, त्यामुळे वाय बटू विसरा. टू-मास ०५५९ सारखा १३.८ प्रतीचा टी४.५ बटू हे वाजवी लक्ष्य. जवळपास तेवढ्याच हवेच्या जाडीतून तुलनेसाठी एखादा ए-शून्य वर्गाचा (साध्या, ओळखीच्या वर्णपटाचा) तारा घेतल्याशिवाय १.४ आणि १.९ मायक्रॉनच्या आसपास पृथ्वीचं पाणी आणि बटूचं पाणी वेगळं काढता येणार नाही, आणि पावसाळ्याच्या आगेमागे तर घेतल्यावरही नाही. सर्वांत जवळची लुहमन १६ ही जोडी मोहात पाडते, ६.५ प्रकाशवर्षांवर, भरपूर उजळ. पण ती उणे ५३ अंशांवर, म्हणजे खोल दक्षिण आकाशात आहे. देवस्थळहून ती क्षितिजावर जेमतेम सात अंश चढते, तिच्यासाठी वेळ मागू नका.